वहिनींची फुंकर

मृणाल गेल्याचा फोन आला तेव्हा विश्वजित चौगुले शिरोळजवळच्या तपासणी शिबिरात एका बाईंना सांगत होता, "मावशी, तुमचा श्वास स्वच्छ आहे. निवांत घरी जावा." फोन ठेवून त्याने रांगेतला पुढचा माणूसही तपासला. मग गाडी काढली.

स्वादुपिंडाचा कर्करोग. कळला तेव्हा उपचारांची वेळ निघून गेली होती. विश्वजित आणि मृणाल या नवरा-बायकोने मिळून काढलेल्या 'प्राणवेध' कंपनीच्या दारावर एकच ओळ रंगवलेली होती: कर्करोग कुणालाही उशिरा कळू नये. त्यांचं श्वासवेधी यंत्र माणसाच्या उच्छ्वासातले वायू मोजून आजार ओळखायचं. मृणालनेही आपला श्वास अनेकदा तपासला होता. यंत्राने दर वेळी हिरवा दिवा दाखवला होता.

दिवसकार्य उरकल्यावर तो कोल्हापूरच्या कारखान्यात आला. कंपनीची रसायनतज्ज्ञ रेश्मा मुल्ला त्याचीच वाट पाहत होती.

"दादा, आधी चहा घ्या."

"यंत्र का चुकलं ते सांग. चहा नंतर."

"यंत्र नुसती वजाबाकी करतं. समोरच्याच्या श्वासातून निरोगी श्वास वजा करायचा, उरेल तो आजार. बरोबर?"

"आता मलाच शिकव."

"मग सांगा, तो निरोगी श्वास कुणाचा?"

"मृणालचा."

कोल्हापूरच्या कारखान्यांत अमावास्येला यंत्रपूजा असते. यंत्रं पुसायची, हार घालायचा, नारळ फोडायचा. 'प्राणवेध'मध्ये यंत्रांचं शून्यही, म्हणजे वजा करायचा तो निरोगी श्वास, त्याच दिवशी लावत. सुरुवातीला त्यासाठी लागणारा तयार प्रमाणवायू विकत आणायची ऐपत नव्हती, तेव्हा मृणाल म्हणाली होती, "माझा श्वास घे की. मी काय तुझ्यासारखी तंबाखू मळत नाही. निरोगी बाई फुकटात मिळत्येय." पुढे ऐपत आली, पण रीत मोडवली नाही. पूजा झाली की ती एका पोलादी कुपीत श्वास सोडायची, तो मोजला जायचा आणि नवं शून्य गावोगावच्या यंत्रांना जायचं. कामगार त्याला 'वहिनींची फुंकर' म्हणत.

"आजार त्यांच्या फुंकरीतही आला," रेश्मा म्हणाली. "तो वाढत गेला तसं शून्य वर सरकत गेलं. त्यांच्याच श्वासातून त्यांचाच श्वास वजा केल्यावर काय उरणार?"

"काही नाही." तो म्हणाला, "मग निरोगी माणसांचं उत्तर शून्याच्या खाली यायला हवं होतं."

"येत होतं. उणे श्वास कसला असतो, म्हणून तुम्ही हसला होता. तसं आलं की शून्य धरायला लावलं."

त्याला शिरोळच्या मावशी आठवल्या. "म्हणजे हाच आजार दुसऱ्या कुणाला असेल, तर तोही स्वच्छ."

"हो. आणि सगळ्यांना परत बोलवायचं म्हटलं तर कंपनी राहणार नाही, दादा. एकदा फसलेल्या यंत्रात कोण फुंकणार?"

"दारावरची ओळ वाच."

"मीच उभी राहून रंगवून घेतलीय. मला काय वाचायला लावता?" रेश्माने डोळे पुसले. "बोलवूया. पण शून्य कधीपासून सरकलं ते कळायला हवं. आणि सुरुवातीचा आजार श्वासात कसा दिसतो ते कुणालाच माहीत नाही. जगात रोगी सापडतो तोच उशिरा. आधीचा श्वास कुणी कशाला साठवून ठेवेल?"

बोलता बोलता ती थांबली. दोघांनी एकदमच शीतघराकडे पाहिलं. मृणालने एकही कुपी टाकून दिली नव्हती; मोजून उरलेल्या श्वासासकट सगळ्या तिथे होत्या. पूजेतली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"सूक्ष्म तपासणीला सगळा वायू लागेल," रेश्मा म्हणाली. "कुपी उघडली की श्वास संपला."

"जुनीपासून सुरू कर," तो म्हणाला आणि स्वतःच पहिली कुपी आणायला उठला.

एकेक कुपी रिकामी होत गेली. निरोगी मृणाल संपली. मग एका कुपीत अगदी पुसट खूण दिसली, कुठल्याही डॉक्टरला दिसली नसती इतकी पुसट. पुढच्या प्रत्येक कुपीत ती गडद होत गेली. त्या खुणेवरून यंत्राला आजाराची सुरुवात शिकवली. शून्यासाठी आता अमावास्येला सगळे कामगार फुंकर मारतात आणि त्यांची सरासरी धरतात.

परत बोलावलेल्या शिरोळच्या मावशींच्या श्वासात ती पुसट खूण निघाली. शस्त्रक्रिया वेळेत झाली. त्या विश्वजितला म्हणाल्या, "तवा निवांत जा म्हणालास की रं." तो "हो" म्हणाला.

बऱ्याच गावांनी यंत्रं परत पाठवली. बोलावलेल्यांपैकी अनेकजण अजून आलेले नाहीत, त्यांच्या घरी जायचं आहे.

मृणालची शेवटची कुपी विश्वजितच्या टेबलावर आहे. शेवटच्या टप्प्यातला आजार ओळखायला यंत्राला तिची गरज नाही, असं रेश्मा सांगते. ती अजून उघडलेली नाही.