उंबऱ्याजवळचं शेवाळ

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. जिच्या बाबतीत घडली ती माझी मावसबहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. थापा मारायला लागते तेवढी उसंत तिला उभ्या आयुष्यात कधी मिळालेली नाही.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, कुत्री रडत नव्हती. रविवारची टळटळीत दुपार होती आणि जागा होती ताईच्या घरामागचं परस.

त्या परसात एक तळं आहे. तळं म्हणायचं आपलं कौतुकानं. चार खाटा मावतील एवढं डबकं. ते खोदलं ताईच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या काकांनी. त्यात सात-आठ मासे सोडले. त्यातल्या सगळ्यात सुस्त, ढेरपोट्या माशाचं नाव मुकादम.

"काम काही नाही, नुसता फिरून बघतो," काका म्हणायचे.

तळ्याला शेवाळ फार यायचं. केसांसारखं लांब, हिरवंगार. दर रविवारी काका काठीनं ते दोऱ्यासारखं गुंडाळून बाहेर ओढायचे. पण त्यांचा एक नियम होता. काढलेलं शेवाळ लगेच फेकायचं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत अगदी पाण्याला टेकवून काठावर ठेवायचं.

"त्यात बारीकसारीक जीव अडकलेले असतात," ते सांगायचे. "ज्याला परत जायचंय तो बरोबर वाट काढतो. आपण आड यायचं नाही."

"माझ्यापेक्षा त्या किड्यांचीच काळजी जास्त!" मावशी खिडकीतून टोमणा मारायची.

एका रविवारी काका त्या काठावरच गेले. हातात काठी, चेहरा शेवाळात. डाव्या पायातली चप्पल पाण्यात पडली होती. पुष्कळ शोधली.

सापडली नाही.

त्यानंतर मावशीनं अंथरूण धरलं. तिची खाट खिडकीशी हलवली. ताईनं लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात त्या दोघीच. ताई एका दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला. दिवसभर तिथल्या ओल्या चादरी उपसायच्या आणि घरी येऊन आईची चादर बदलायची. "माझं नशीबच ओलं," असं म्हणून हसायची. हसायलाही तिला कष्ट पडायचे. पण मावशीवर तिचा जीव होता. मावशी गेली तर आपलं म्हणावं असं तिला कुणीच उरणार नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तळ्याकडे कोण बघणार? बघता बघता पाणी दिसेनासं झालं.

"मुकादम दिसत नाही गं," मावशी रोज म्हणायची. "एकदा तेवढं शेवाळ काढ ना."

शेवटी त्या रविवारी ताईनं काठी उचलली. ओढून ओढून खांदे भरून आले. गुडघ्याएवढा ढीग झाला. खताचा खड्डा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराजवळ होता. तिनं तो ढीग गोणपाटावर घेतला, दारापर्यंत ओढत नेला, आणि पुढे खड्ड्यात टाकायचं त्राण उरलं नाही म्हणून उंबऱ्याला लागूनच टाकून दिला.

काठावर ठेवायचं असतं, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

दार उघडंच राहिलं. मावशीच्या खाटेशेजारी ती जमिनीवर आडवी झाली, आणि पडल्या पडल्या तिला झोप लागली.

उन्हं कलली तेव्हा जाग आली.

आवाजानं.

टप्...

टप्...

नळ उघडा राहिला असेल म्हणून ती उठली. नळ बंद होता. पण फरशी ओली होती. उंबऱ्यापासून स्वयंपाकघर, तिथून बोळ, बोळातून खोली.

ती पावलं होती.

उजव्या पायाच्या चपलेची नक्षी. आणि डाव्या पायाची...

उघडी बोटं.

पावलं मावशीच्या खाटेपाशी येऊन थांबली होती. परत गेलेली नव्हती.

मावशी जागी होती. तिचा हात खाटेबाहेर लोंबत होता, मनगटापर्यंत ओला. बोटांत हिरवा धागा अडकला होता. काका गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"हळू चाल," ती कुजबुजली. "आत्ताच बसलेत."

ताई खाली वाकली.

खाटेखाली काकांची डावी चप्पल होती. शेवाळानं भरलेली.

"आई... कोण बसलंय?"

"कोण म्हणजे? स्वतःच्या बापाला ओळखत नाहीस? तू झोपलीस तेव्हा तुझ्याकडेच बघत होते. म्हणाले, पोरगी फार दमलीय. झोपू दे तिला. उद्या मी तुला घेऊन जातो."

ताई घाबरली, पण त्याहून जास्त तिला राग आला. मी दमले म्हणून माझी आई न्यायची? दमणं काय आजचं आहे? तिनं कचऱ्याची मोठी काळी पिशवी घेतली. उंबऱ्यावरचा ढीग हातांनी ओरबाडून आत कोंबला. चप्पलही कोंबली. गाठीवर गाठ मारली.

पिशवी आतून हलली...

किडे असतील, ती स्वतःला म्हणाली. गोगलगायी असतील.

रस्त्याच्या कोपऱ्यावर कचऱ्याची लोखंडी पेटी होती. तिथपर्यंत तिनं पिशवी फरफटत नेली. चादरींचे भारे उचलणारी बाई ती, पण वाटेत दोनदा थांबावं लागलं. मागून कुणीतरी जमिनीत पाय रोवतंय असं वाटत होतं. तिनं मागे बघितलं नाही. पिशवी आत ढकलली, झाकण आपटलं आणि घरी आली.

फरशी कोरडी ठाक.

मावशीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"तू आड आलीस," ती एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून तळ्यात शेवाळ आलं नाही. ऐन उन्हाळ्यात पाणी काचेसारखं स्वच्छ. मुकादमसुद्धा स्पष्ट दिसायचा. पण तो फिरायचा नाही, तळाशी एका कोपऱ्यात अंग चोरून राहायचा. आणि मावशीनं खिडकीबाहेर पुन्हा कधी पाहिलं नाही.

रोज संध्याकाळी ती एकच मागणं मागायची. "मागचं दार उघडं ठेव."

ताई ठेवायची. शेवटच्या दिवशीही ठेवलं. मावशीची नजर दारावरच होती.

कुणी आलं नाही. मावशी एकटीच गेली.

हे सगळं ताईनंच मला सांगितलं, मागच्या रविवारी. मी गेलो तेव्हा ती तळ्याकाठी बसून त्या स्वच्छ पाण्यात काठी फिरवत होती. अंगानं निम्मी झालीय. मी म्हटलं, "अगं, काढायला काही उरलंय का त्यात?"

तिनं काठी वर उचलून दाखवली. टोकाला एक हिरवा धागा होता. एकच.

तो तळहातावर घेऊन ती हळूहळू मागच्या दारापर्यंत चालत गेली. उंबऱ्याजवळ ठेवला. दार सताड उघडलं.

"कुणासाठी गं?" मी विचारलं. "काकांसाठी की मावशीसाठी?"

"ज्याला यायचंय त्याच्यासाठी." मग नेहमीच्या थकल्या आवाजात म्हणाली, "त्यांनी मला दमलेलं पाहिलं होतं रे. आता तर फारच दमलेय."

मी चहा न घेताच निघालो. पुढच्या दारानं.

तेव्हापासून रोज फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो. ताईनं उचलला नाही तर काय, ही भीती आहेच.

पण दुसऱ्याच कुणी उचलला तर...