मारिसोलचे लाल बूट

"एलिसेओ झेंडू आणायला बाजारात गेला होता. त्या दिवसाची गोष्ट," तादेओ आजोबा म्हणाले. अंधार पडला होता. दिवसभर तापलेली विटांची भिंत अजून पाठीला कोमट लागत होती.

"भूत झेंडूत होतं का?" माझा चुलतभाऊ बेतो म्हणाला.

"तुझ्याइतकं तोंडाळ नव्हतं ते. ऐक."

एलिसेओ आजोबांबरोबर नव्या कॅथलिक दफनभूमीत कबरी खोदायचा. त्याचं घर मात्र जुन्या दफनभूमीवर होतं. टुसॉन शहर वाढलं, तेव्हा तिथली माणसं हलवायचा हुकूम निघाला. ज्यांचं कुणी होतं, त्यांना घरच्यांनी खणून नव्या जागी नेलं. ज्यांचं कुणी नव्हतं, ती तिथेच राहिली. क्रूस उपटले, घरं उभी राहिली.

त्या सप्टेंबरात परसात पाइपासाठी चर खणताना एलिसेओला एक शवपेटी लागली. दोन हात लांब. लहान मुलाची.

"त्यानं मला विचारलं," आजोबा म्हणाले. "फादरना सांगायला हवं होतं. पण काम अडलं असतं. मीच म्हणालो, झाकून टाक."

एलिसेओची मुलगी मारिसोल एप्रिलमध्ये तापानं गेली होती. चार वर्षांची. आमच्याकडे मानतात, गेलेली मुलं एकतीस ऑक्टोबरच्या रात्री घरी येतात. तिची ही पहिलीच खेप. तिच्या आईनं, ओफेलियानं, घरात मांडलेल्या वेदीवर तिचा फोटो, दूध, गोड पाव आणि लाल बूट मांडले. नवे कोरे. घालायचे राहून गेलेले.

मुलांना घर सापडावं म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची वाट रस्त्यावरच्या फाटकापासून वेदीपर्यंत घालायची असते. पण संध्याकाळी रस्त्यावर वारा सुटला. पाकळ्या ठरेनात.

"परसातून घालतो," एलिसेओ म्हणाला.

"तिला सापडेल ना रे?"

"आपलंच घर आहे. न सापडायला काय झालं?"

त्यानं वाट परसातून घातली. बुजवलेल्या चरावरून.

दोघं अंधारात बसली. बारा वाजून दहा मिनिटांनी मागचं दार सरकलं. पावलं आली. छोटी.

"मारिसोल?"

पावलं थांबली…

"ये ना, बाळा."

 मग बुटांची टकटक. स्वयंपाकघरात. पलंगापाशी. परत स्वयंपाकघरात. थांबेचना. कोणीतरी कोणालातरी शोधत होतं…

तीनला वारा पडला. तेव्हा पुढच्या फाटकाची कडी वाजली.

एकदा.

आत टकटक चालूच होती.

"मग आत कोण आहे?" म्हणत ओफेलिया धावत फाटकाशी गेली. रस्ता रिकामा. पुन्हा कडी वाजली नाही.

आजोबांनी भिंतीवरची पाठ उचलली. 

"सकाळी एलिसेओनं मला बोलावलं. बूट चरावर होते, शेजारी शेजारी. मी हातात घेऊन उलटे केले…"

"मग?"

"नवे कोरे बूट रे. तळ झिजून आरपार भोकं पडली होती."