भित्रं बी

बीजशाळेच्या काचेबाहेर हुलग्याची झाडं नागडी उभी होती. काल वावटळ आली काय, आणि तासाभरात पानन्‌पान खाली! माणदेशाकडे पावसाने पाठ फिरवल्यापासून या मातीत तग धरणारं हे एकच कडधान्य उरलं होतं. तेही गेलं, तर तालुका रिकामा करायचा हुकूम तयारच होता.

"बुरशीच असणार," डॉ. रेहाना मुलाणी म्हणाली.

डॉ. शालन घुटुकडे सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाल्या. "तूच बघ. काय दिसतंय?"

"धूळ... नुसती धूळ. ठिपका एकाही पानावर नाही!"

या हुलग्यात घातलेलं सावधजनुक शालनताईंनीच बनवलेलं. बुरशीचा कण पानावर बसला, की झाडाने तेवढं पान टाकून द्यायचं. रोग पुढे सरकतच नाही. काय टाळ्या पडल्या होत्या तेव्हा!

"मग धुळीला का घाबरली ही झाडं?" रेहानाने विचारलं.

"आपणच शिकवलं. दर हंगामात बी कुठल्या झाडांचं ठेवलं?"

"बिनठिपक्याच्या."

"म्हणजे सगळ्यांत आधी घाबरणाऱ्यांचं. मग त्यांच्या पोरांतलीही जास्त भित्री निवडली. आणि ठिपके अंगावर घेऊन धीटपणे उभी राहणारी?"

नियम अख्ख्या तालुक्याला पाठ होता. ठिपका दिसला की उपटा, जाळा.

"म्हणजे शूरांना फासावर चढवलं आणि पळपुट्यांची लग्नं लावली आपण?" रेहानाने हसायचा प्रयत्न केला.

शालनताई हसल्या नाहीत. "ठिपक्यांनी पीक थोडं घटलं असतं, एवढंच. जुनं बी तर आता उगवतही नाही. एक धीट झाड हवं, रेहाना. एकच! त्याच्या बियांवर पुन्हा सगळं उभं करता येईल."

रेहानाचा चेहरा उतरला. "ताई, बांधाकडेला होतं एक. वावटळीनंतरही पानं तशीच. अंगभर ठिपके, आणि वाळलेल्या शेंगा नुसत्या लगडलेल्या..."

"होतं?"

"सकाळी मीच उपटलं. नियम म्हणून."

दोघी धावत सुटल्या. रोगट झाडं जाळायच्या खड्ड्यातली राख अजून गरम होती. शालनताईंनी हातांनीच ती उकरली. शेंगा सापडल्या. तडकलेल्या, आतलं बी काळंठिक्कर.

खड्ड्यातून भाजलेल्या हुलग्याचा खमंग वास येत होता. रेहानाच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ती रडायला लागली.