शनिवारचं कालवण

पदर अडकला आणि कस्तुराचा श्वासही अडकला.

भोसरीतल्या त्या लहानशा कारखान्यात मोटारींच्या कॉइली गुंडाळायचं काम बायका करत. केसाएवढी तांब्याची तार, गरगर फिरणारं चाक आणि चाकापुढं मान घालून बसलेली बाई. साल एकोणऐंशी. श्रावण सरत आलेला. पत्र्यावर ऊन-पावसाची लपाछपी चाललेली. कस्तुरानं क्षणभर बाहेर पाहिलं, एवढंच निमित्त... पट्ट्यानं पदराचं टोक गिळलं.

कुणीतरी झेप घेऊन बटण बंद केलं.

"कात्री आणा गं कुणी!" शालनबाई ओरडल्या. त्या खात्यातल्या सगळ्यांत जुन्या. मुकादमही त्यांना दबकून असे.

"कात्री नको, मावशी," नवा फिटर म्हणाला. "जसा आत गेला, तसाच बाहेर येईल."

त्यानं चाक हातानं उलटं फिरवायला घेतलं. अगदी हळू. बोटभर पदर सुटला की तो थांबे, वर बघे. कस्तुराला वाटलं, एवढा वेळ लागायचं कारण नाही. आणि लगेच वाटलं — लागू दे की!

"घ्या. लुगडं शाबूत."

"आणि हा ग्रीसचा डाग?"

"रॉकेलनं जातो."

"नाही गेला तर?"

"तर... आठवण म्हणून ठेवा."

"डागाची?"

"डागाची. नाहीतर फिटरची."

शालनबाई मोठ्यानं खाकरल्या. "ए फिटरभाऊ, मशीन दुरुस्त झालं न्हवं? मग हितं काय मुक्काम हाय का?"

तो हसून निघून गेला. डाग रॉकेलनं गेला असता. कस्तुरानं रॉकेल लावलंच नाही.

त्याचं नाव भीमराज. दोन वर्षं कुवेतला राहून नुकताच परतलेला. तो बौद्ध आहे, हे सरूबाईनं पहिल्याच दिवशी कुणी न विचारता सांगून टाकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच, ग्राइंडरपाशी, भिंतीकडं तोंड करून उभ्याउभ्या डबा संपवायचा. पाखरानंही इतकं घाईनं टिपू नये.

बायकांची जेवणाची रीत वेगळी होती. भाकरी ज्याची त्याची, कालवण मात्र वारानं. गुरुवारी सुट्टी, उरलेल्या सहा दिवसांत एकेकीचा एकेक वार. ज्या दिवशी जिचा वार, तिनं सगळ्यांपुरतं कालवण आणायचं. भिमाबाई बाळंतपणाला गेल्यापासून शनिवार तेवढा रिकामा होता, तो कस्तुराच सांभाळायची.

एका सोमवारी तिनंच हाक मारली. "भीमराज, भिंतीला काय वाढून ठेवलंय? इकडं या की!"

तो आला. मग रोज येऊ लागला. सरूबाई जरा सरकून बसायची, पण शालनबाईंपुढं बोलायची तिची छाती नव्हती. भीमराज वाळवंटातल्या वाऱ्याच्या गोष्टी सांगे. कस्तुरा त्याच्या भाकरीला हसे.

"ही भाकरी आहे की नकाशा?"

"कुवेतचा आहे. इथं बघा, इथं समुद्र."

"समुद्र नव्हे, जळलंय ते!"

असे दिवस, लिंबाच्या फांदीवर झुलावेत तसे. आणि एका बुधवारी शालनबाई बोट चाटत म्हणाल्या, "भीमराज, लई फुकटचं खाल्लंस. येत्या शनिवारी तुझा वार!"

त्याचा चेहरा असा उजळला की कस्तुराला भरून आलं. खोलीत एकटा. एकच स्टो. दिवसभर मशिनींशी झटून हा बिचारा कधी रांधणार? मायेनं तिच्या तोंडून निघून गेलं —

"राहू द्या हो. तुम्ही कशाला? तुमचा वार मी करते."

दिवा मालवावा तसा तो विझला. भाकरी फडक्यात बांधून उठला. शुक्रवारी भिंतीपाशी उभा होता. शनिवारीही. कस्तुरानं हाक मारली, तर म्हणाला, "आभारी आहे." एवढंच. पुढं कळलं, त्यानं पुन्हा कुवेतला जायचा कागद आणलाय. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सही करून एजंटाला द्यायचाय.

गुरुवारी ती हनीफच्या सायकलच्या दुकानावर गेली. हनीफ भीमराजबरोबर कुवेतला होता. पंक्चर काढता काढता त्यानं सगळं ऐकलं आणि हातातलं चाक खाली ठेवलं.

"ताई, तुम्ही असं म्हणालात? हेच शब्द?"

"हो. का?"

"तिथं त्याच्या खोलीत बाराजण होते. सगळे आपल्याच मुलखातले. रांधायचा एकेकाचा वार. याचा वार आला की फोरमन म्हणायचा, तू ओव्हरटाइम कर रे, तुझा वार आम्ही करतो. हा येडा खूश! आईला पत्र लिहिलं — इथं सगळे भावासारखे, मला स्टोपाशी फिरकू देत नाहीत. सहा महिने, ताई! सहा महिने त्यांचे आभार मानत होता. मग एक दिवस यानं पिण्याच्या पाण्याचा हंडा भरून ठेवला, अन् माघारी येऊन बघतो तर फोरमन तो मोरीत ओततोय."

"मग?" कस्तुरानं विचारलं.

"यानं जाब विचारला. मग ओव्हरटाइमही गेला. यादी करणारा फोरमनच ना! मी शेजारच्या खोलीत होतो. म्हटलं, चल भावा, आपण दोघं रांधू. तेव्हापासून कुणी जास्त गोड बोललं की तो घाबरतो."

"मग परत तिकडंच कशाला चाललाय?"

"तिथलं दुखणं ओळखीचं आहे म्हणाला. इथलं..." हनीफनं चाक पुन्हा उचललं. "इथलं सोसवेना."

घरी येताना तिला आईची ओवी आठवली. आई जात्यावर गायची —

भुकेल्या पाहुण्याला, जात पुसू नये बाई
भाकरीच्या पदराला, नाही गोत, गाव नाही

आई गोड गायची. आणि त्याच आईनं काही पाहुण्यांसाठी वेगळी कपबशी वळचणीला खोचून ठेवली होती.

शुक्रवारी ती सरळ ग्राइंडरपाशी गेली.

"मी चुकले."

भीमराजनं हातातला पाना खाली ठेवला.

"तुम्ही दमता म्हणून म्हटलं... असं मला तरी वाटतं. पण वेगळ्या कपबशीच्या घरात वाढलेय मी. त्यातलं काहीच माझ्या बोलण्यात नव्हतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

"हनीफनं सांगितलं?"

"हो. त्याच्यावर रागावू नका. उद्या शनिवार. मी कालवण आणणार नाही. सगळ्यांना सांगितलंय, वार तुमचा आहे."

"आणि मी नाही आणलं तर?"

"तर कोरडी भाकरी खाऊ. पण तुमचा वार दुसऱ्या कुणाला द्यायची नाही मी."

शनिवारी भोंगा झाला. बायका गोल बसल्या. भाकऱ्या सुटल्या. मध्ये रिकामी जागा. भीमराजनं अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. पाच मिनिटं गेली. दहा गेली... अर्ध्या तासाची सुट्टी!

"कस्तुरे," शालनबाई म्हणाल्या, "घशाला पार कोरड पडली गं."

"थांबा ना जरा, मावशी."

"माझ्यापायी नव्हं म्हणत. तुझं तोंड बघून म्हणतेय."

तेवढ्यात फाटकातून सायकल आली. कॅरिअरला बांधलेलं पातेलं, मागं धावणारा हनीफ, आणि घामानं निथळणारा भीमराज. पातेलं ठेवायला त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि फरशीवर अंथरला.

"हे काय घातलंत खाली?" कस्तुरानं विचारलं.

"कुवेतचा फॉर्म. गरम पातेल्याखाली काहीतरी लागतंच."

झाकण निघालं. वांग्याचा रस्सा, शेंगदाण्याच्या कुटाचा, वर लाल तवंग. सरूबाईनं भाकरी मागं ओढली. "माझा आज उपास हाय."

"काल सांच्याला मटण वरपलंस, अन् आज उपास?" शालनबाई म्हणाल्या. सरूबाई उठून दुसरीकडं जाऊन बसली. कुणी तिला अडवलं नाही. शालनबाईंनी पहिला घास घेतला, आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"अरं मुडद्या! मीठ हाय का मिठागर?"

"दोनदा पडलं बहुतेक... घाई झाली."

"वांगी कच्ची," एकजण म्हणाली.

"फोडणी जळलीय," दुसरी म्हणाली.

"नकाशाच आहे, फक्त पातळ," कस्तुरा म्हणाली.

नावं ठेवत ठेवत बायका खात होत्या, पाणी पीत होत्या, पुन्हा वाढून घेत होत्या. भीमराज हसायला लागला. हसता हसता त्यानं तोंड बाहीत लपवलं, आणि ती बाही बराच वेळ खाली आली नाही. हनीफ उगाच सायकलची साखळी तपासत राहिला.

बायका हात धुवायला गेल्या तेव्हा भीमराज हलकेच म्हणाला, "कस्तुरा, तिथं मी सहा महिने नुसते आभार मानले. माझ्या रांधण्याला त्या खोलीत कुणी एकदाही नाव ठेवलं नाही. नावं ठेवायला आधी खावं लागतं... आज पहिल्यांदा वाटतंय, आभार मानायला खरी माणसं मिळाली."

"मग माना की!"

"नुसते आभार नाही पुरायचे. एक विचारू? ...जन्मभर नावं ठेवशील?"

तिनं पातेल्याच्या कडेचा रस्सा बोटानं निपटला, चाटला, तोंड वाकडं केलं. "ठेवीन. दोन्ही वेळा."

"आणि तुझी आई?"

"आधी रडेल. मग भांडेल. पुष्कळ भांडेल. मी पण भांडेन. आणि थकली, की एक दिवस विचारेल — रस्सा तरी बरा करतो का गं?"

"काय सांगशील?"

"खरं तेच सांगेन," कस्तुरा म्हणाली. "खारट."