ताजा नमुना

गोंदियाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या संघदीप सरांना उंदीर जिवंतच लागायचा. उंदीर मेला की तासाभरात त्याच्या आतड्यातला पट्टकृमी विरघळू लागतो, पेशींच्या कडा जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चिखल दिसतो. २००४ साल, सरांच्या पीएचडीचं शेवटचं वर्ष. दवनीवाड्याचा बकाराम धानाच्या धुऱ्यातली, म्हणजे बांधातली, बिळं खणून सरांना उंदीर काढून द्यायचा.

त्या दिवशी उंदराने त्याचा अंगठाच फोडला.

"दवाखान्यात नेऊन द्या न सर. डोस्कं गरगर करून राहिलं," बकाराम म्हणाला.

मोटरसायकलवर मागे एकाचीच जागा, आणि पिंजरा हा एवढा मोठा. "चुना लावा भाऊ. संध्याकाळी येतोच मी," म्हणून सरांनी पिंजरा बांधला नि गोंदिया गाठलं. ती संध्याकाळ काही आली नाही. नवव्या दिवशी बकाराम तापाने गेल्याचा निरोप आला, तेव्हा सर गेले ते थेट मातीलाच.

नमुना मात्र असा उतरला होता की बघत राहावं. कृमीच्या मानेमागे, जिथून त्याचं अंग वाढतं, तिथे एका कोपऱ्यात चोवीस केंद्रकं होती, जांभळी, टपोरी. सरांनी ती मोजून वहीत लिहिली.

आठवड्याने मोजली तर सव्वीस भरली. आपलीच नजर चुकली, दुसरं काय! मग एकतीस भरली. फॉर्मॅलिनमध्ये मारलेली, मेणात बसवून कापलेली, दोन काचांमध्ये चिकटवून टाकलेली पेशी वाढत नसते, हे सर दरवर्षी पोरांना शिकवायचे.

नमुन्याची काच हाताला कोमट लागली. दिव्याने तापली असेल, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दिवा न लावताच हात लावला, आणि काच खोक्यात टाकून झाकण घट्ट बसवलं.

त्याच दुपारी बकारामची बायको धुरपताबाई प्रयोगशाळेत आली. बकारामकडे राहिलेला कॉलेजचा दुसरा पिंजरा तिने घासूनपुसून परत आणला होता. तो लखलखीत पिंजरा बघून सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्या दिवसचा उंदीर कुठी हाय, सर?"

सरांनी खोकं उघडून काच तिच्या हातावर ठेवली.

"येवढंसंच?"

"मी उंदीर आणला, बाई," सर म्हणाले. "भाऊंना नाही आणलं."

"मले मालूम हाय."

तिने हात उलटा करून काचेला लावला, कपाळाला लावतात तसा. जरा वेळ तसाच ठेवला.

"ह्यांचा ताप अजून उतरला नाई, सर."

मग टेबलावरच्या पेल्यात तिने पदराचं टोक भिजवलं, पिळलं आणि घडी करून काचेवर ठेवलं.

ओली घडी बघता बघता वाळली.