अजगर जेवत नव्हता

"पावणं, किती पिल्लं हायत?" थर्मोस्टॅट पुसत मी विचारलं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ऊब कमीजास्त करणारं हे यंत्र कोंबडीवालेच नेतात.

"पिल्लं न्हाईत... अजगर हाय," तो इतका ओशाळून म्हणाला, की मला हसू आवरेना.

हातभर लांबीचा, रीतसर नोंद केलेला बॉल पायथन जातीचा परदेशी अजगर! मुलाचं नाव अमरेश, अजगराचं चिक्क्या. पेटीची एक बाजू बत्तीस अंशांवर, दुसरी सव्वीसवर हवी, म्हणजे त्याला वाटेल तिथं तो बसतो, असं अमरेश सांगत राहिला आणि मी त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिले.

थर्मोस्टॅट बसवायला मीच गेले. मग तपासायला. मग... उगाचच.

पण चिक्क्या जेवत नव्हता. आठवड्याचा उंदीर तसाच पडून राहायचा. "त्यो जेवला न्हाई की माझाबी घास उतरत न्हाई," अमरेश म्हणायचा.

एका दुपारी गुपित कळलं. त्याची आई रत्नव्वा, उंदराच्या नावानंही नाक मुरडणारी पक्की शाकाहारी बाई, पेटीचं झाकण उघडून विनवत होती, "खा की रे बाळा... लाजतोस काय?" म्हणे दिवसभर हेच चालायचं. घरात कुणी उपाशी राहिलेलं कोल्हापुरात कुणाला बघवतंय! पण झाकण उघडलं की ऊब जायची आणि चिक्क्या घाबरून गोळा व्हायचा.

"अव्वा, आग्रह नको. एकटं सोडा त्याला," मी झाकण लावून पेटीवर चादर टाकली.

रविवारी कुरुंदवाडची मंडळी मला बघायला येणार होती. अमरेशला ठाऊक होतं, तरी तो गप्पच. माझा जीव मात्र तुटत होता.

शनिवारी तो धावत दुकानात आला. "जेवला! चिक्क्या जेवला!" डोळे भरलेले, ओठांवर हसू. मग काउंटरवरच्या थर्मोस्टॅटचं बटण फिरवत बसला.

"उद्या... मंडळी येणार न्हवं?"

"येणार की. तुला काय त्याचं?"

"लई हाय..."

"मग इतके दिवस बोलला का न्हाईस?"

"तूच म्हणालीस की... आग्रह नको, एकटं सोडावं..."

मला राग आला आणि प्रेमही, दोन्ही एकदमच.

"अमरेश, मी अजगर न्हाय. विचार की!"

त्यानं विचारलं. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, चांगलं मोठ्यांदा. मीही तितक्याच मोठ्यांदा "व्हय" म्हणाले.

आतून अप्पांचा आवाज आला, "कुरुंदवाडला फोन मी करतो. गिऱ्हाईकाकडं बघा आधी!"