फाटकाबाहेरून हाक

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि त्याच्या तोंडावर दार आपटलं. अगदी खरोखरचं आपटलं — त्याचा पुढचा दात अर्धा तुटून आमच्या पायपुसण्यावर पडला. पुढे याच माणसावर माझा जीव जडणार आहे, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच्याही तोंडावर दार आपटलं असतं.

पण माझं तरी काय चुकलं? दादा लढाईवर जाऊन कितीतरी महिने झाले होते. ज्या घरातलं माणूस लढाईवर असतं, त्या घराला एक गोष्ट कुणी न शिकवता कळते. चांगली बातमी फोनवर येते. दुसरी बातमी गणवेश घालून चालत येते. म्हणून गल्लीत गणवेश दिसला, की आई हातातलं काम तसंच धरून उभी राहायची, आणि तो माणूस वळणापलीकडे गेला की मगच तिचा हात पुन्हा हलायचा. एकदा तर एका बँडवाल्याला बघून तिनं पातेलंभर दूध उतू जाऊ दिलं होतं.

त्या रविवारी सकाळी बेल वाजली, मी दार उघडलं, आणि समोर तो. कडक इस्त्रीचा गणवेश. टोपी काढून काखेत धरलेली. आणि दुसऱ्या हातात... दादाची बॅग. हिरवी, एका बाजूला फाटलेली, मीच वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेली.

माझी दातखीळच बसली. बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, आणि मला एवढंच सुचलं की याला बोलू द्यायचं नाही. जोवर हा बोलत नाही, तोवर दादा आहे. मी सगळा जोर लावून दार लोटलं. तो नेमका पुढे झुकला होता.

मागे वळले तर आई जमिनीवर बसलेली. पडली नव्हती, बसली होती, कुणीतरी ‘बस’ म्हणून सांगितल्यासारखी.

"काय म्हणाला तो?" तिनं विचारलं. इतक्या शांत आवाजात ती कधी बोलत नाही.

दाराबाहेरून बोबडा आवाज आला. "काकू... तो बरा आहे हो. एकदम ठणठणीत. मी फक्त बॅग द्यायला आलोय. उन्हाळ्याचे कपडे परत पाठवलेत त्यानं, आणि स्वेटर मागवलेत."

जीव भांड्यात पडतो म्हणतात, पण माझा काही लगेच पडला नाही. तो कुठेतरी मधेच लटकून राहिला, आणि मला इतका संताप आला की मी दार पुन्हा उघडलं ते भांडायलाच.

"अक्कल आहे का तुम्हाला? असं येतात का कुणाच्या दारात?"

तो रुमालानं तोंड दाबून उभा होता. रुमाल लाल झाला होता. "माझं काही चुकलं का, ताई?"

तो खरंच विचारत होता. त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

तो दादाच्याच तुकडीत गाड्या दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. आईनं त्याला बर्फ दिला, पाणी दिलं, आणि मग न राहवून विचारलं, "तुझ्या आईनं कधी सांगितलं नाही का रे बाळा, लढाई चालू असताना गणवेशात कुणाच्या घरी जायचं नाही म्हणून?"

"आई नाही मला, काकू. म्हणजे... कुणीच नाही. वसतिगृहात वाढलो." तो ओशाळून हसला आणि लगेच त्यानं ओठ मिटले. "मित्राच्या घरी पहिल्यांदाच जातोय, तर नीट कपडे घालून जावं म्हटलं. मान म्हणून."

आईनं बर्फाचा आणखी एक खडा त्याच्या हातात दिला. ज्याची वाट कुणी बघत नाही, त्याला वाट बघणाऱ्यांची भीती कुठून कळणार?

"दाखवा दात," मी म्हटलं.

"जाऊ दे हो ताई. एका दातानं काय होतंय."

"पुन्हा ताई म्हणालात तर शेजारचाही जाईल. तोंड उघडा."

कारण दात हा माझा धंदाच. दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून मी कवळ्या आणि कॅपा बनवते. पुढे डॉक्टरीणबाई दात काढतात, मागे मी ते घडवते. दादा मला घरात कवळीबाईच म्हणतो. माझ्या खोलीत मेणाचा वास असतो, टेबलावर पांढरा भुगा असतो, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असतात. पाहुणे सहसा दारातूनच परत जातात.

मिस्त्री गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी तुटका दात घासून माप घेतलं आणि त्याला माझ्याकडे पाठवलं, तेव्हा तो त्या जबड्यांसमोर खुर्ची ओढून बसला.

"यातला कुणी चावत नाही ना?"

"मी सोडून कुणी नाही. उजेडाकडे तोंड करा."

कॅपचा रंग जुळवायचा तर दिव्याखाली चालत नाही, खिडकीचा उजेड लागतो. पांढऱ्यातही बऱ्याच छटा असतात. नमुन्याचे छोटे छोटे दात एकेक करून माणसाच्या दाताशेजारी धरायचे आणि जवळून बघायचं. हे काम मी शेकडो तोंडांवर केलंय. त्या तोंडांना डोळे असतात, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"असे बघू नका," मी म्हटलं.

"आऽ... कुठे बघू मग?" त्याला तोंड उघडं ठेवून बोलावं लागत होतं.

"खिडकीबाहेर बघा. झाड आहे, भिंत आहे."

"भिंत बघितली. बरीच आहे."

मला हसू आलं, माझा हात हलला, आणि नमुना त्याच्या ओठाला लागला. दोघंही जरा... थांबलो. मग मी घाईघाईनं दुसरी छटा उचलली. ती चुकीची होती. तिसरीही चुकीची होती. खरं तर पहिलीच बरोबर होती, पण हे मी त्याला का सांगावं?

त्याची सुट्टी संपेपर्यंत कॅप तयार व्हायची होती. एवढ्याशा कॅपसाठी तो रोज दवाखान्यात चक्कर मारायचा. कधी म्हणायचा तात्पुरती बसवलेली कच्ची कॅप हलतेय, कधी म्हणायचा टोचतेय. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. एकदा त्यानं माझं पॉलिशचं यंत्र उघडून, पुसून, पुन्हा जोडून दिलं, तेव्हापासून ते इतकं शांत चालू लागलं की मला करमेना. संध्याकाळी तो मला घरापर्यंत सोडायचा आणि आई त्याला चहाशिवाय जाऊ द्यायची नाही. लढाईबद्दल आम्ही विचारायचो नाही, तोही सांगायचा नाही. तो दादाच्या घोरण्याबद्दल सांगायचा आणि आई पोट धरून हसायची.

शेवटच्या दिवशी मी कॅप बसवलेला दात आरशात दाखवला. अस्सल दातापेक्षा अस्सल. तो पहिल्यांदाच तोंडभर हसला.

"झकास. आता हरवलो तरी काळजी नाही. या दातावरून तू मला कुठेही ओळखशील."

तो सहज म्हणाला होता. पण या कामातल्या माणसाला ठाऊक असतं, दातांवरून कुणाला आणि कुठल्या अवस्थेत ओळखावं लागतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हातातला आरसा खाली ठेवताना तो टेबलाला आपटला.

"चल, निघ इथून," मी म्हटलं.

"अगं, मी गमतीनं..."

"निघ म्हटलं ना."

तो निघाला नाही. उलट माझ्यासमोर उकिडवा बसला, गाडीखाली बसत असेल तसा. "चुकलं माझं. पुन्हा चुकलं. मला खरंच येत नाही गं हे. माझ्यासाठी कुणी असं घाबरलेलं मी कधी बघितलंच नाही."

"मी नाही घाबरले."

"बरं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण एक बरंय. माझं काही झालं तर कुणाच्या दारात जावं लागणार नाही. दारच नाही ना."

हे ऐकून मला त्याला एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी मला जे कळलं, त्यानं मी स्वतःच हादरले. त्याचं काही झालं तर मला सांगायला कुणी येणारच नव्हतं. मी कोण त्याची? मला कळणारसुद्धा नाही. मी आपली कवळ्या घडवत बसेन, आणि तो नसेल.

"आमचं दार आहे की," मी म्हटलं. "तू दात ठेवलायस त्यात. पण यायचं ते स्वतः. आणि आमच्याकडची रीत शिकून यायचं. फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. आधी बाहेरूनच मोठ्यानं ओरडायचं — मी आहे, बरा आहे. समजलं?"

"गल्ली हसेल."

"हसू दे."

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. फाटकाशी त्यानं दादाच्या स्वेटरची पिशवी खांद्यावर घेतली, आईचा निरोप घेतला, आणि मला म्हणाला, "मी..." मग नुसताच उभा राहिला. केसांवरून पाणी गळत होतं. "आल्यावर सांगतो," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर आईसारखीच मीही झाले. गणवेश दिसला की माझाही हात थांबायचा. फरक इतकाच, आईचा एकासाठी थांबायचा, माझा दोघांसाठी.

मग बातम्यांत त्यांच्या भागाचं नाव आलं. मोठा मारा झाला होता, संपर्क तुटला होता. पुढे काहीच कळेना. आई दिवसभर दादाचा बंद नंबर लावत बसायची. जेवताना लावायची, न जेवताना लावायची. मी कामावर जायचे, कारण लोकांना दात लागतातच. पण माझ्या हातून चुका व्हायला लागल्या. डॉक्टरीणबाई त्या हळूच दुरुस्त करून घ्यायच्या. मिस्त्रीच्या दातांचं प्लास्टरचं माप मी फळीवर मागे ठेवलं होतं. ते बघवत नव्हतं आणि फेकवतही नव्हतं.

एका दुपारी मी आईला बळंबळं वरणभात... नाही, खोटं कशाला सांगू, चहा आणि पाव खायला घालत होते. खिडकीतून तिनं बाहेर बघितलं आणि तिचा घास हातातच राहिला.

गल्लीच्या टोकाला दोघं जण होते. दोघंही गणवेशात. हळूहळू चालत, घरांकडे बघत, आमच्याच बाजूला येत होते. तोंडं झाडाआड होती.

अशी बातमी द्यायला दोघंच येतात. एकट्यानं सांगणं जड जातं.

"दार उघडू नकोस," आई म्हणाली.

मी दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. डोकं मात्र भलतंच चालू होतं. हे दादासाठी आलेत. मिस्त्रीसाठी आमच्याकडे कोण येईल? आणि मग एक क्षण... एकच क्षण माझ्या मनानं विचारलं, दादा की मिस्त्री, दोघांपैकी कोण वाचलेलं हवं? उत्तर येण्याआधी मी डोळे गच्च मिटले. काय उत्तर आलं असतं, ते मला आजही बघायचं नाही.

"मी आहे."

आवाज इतका मोठा होता की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली.

"मी आहे. बरा आहे." आणि पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. "मी आहे. बरा आहे."

मी दार उघडलं. फाटकाबाहेर मिस्त्री उभा होता, एका कानावर पट्टी, डोळे बारीक करून ओरडत. त्याच्या शेजारी दादा, हात गळ्यात बांधलेला, वाळलेला, दाढी वाढलेली. आई माझ्या बाजूनं अशी धावली की तिची चप्पल माझ्या पायावर राहिली. तिनं दादाला आधी दोन धपाटे घातले आणि मग मिठी मारली.

"फोन करता येत नाही का रे मेल्या?"

"स्टेशनवर उतरल्यापासून करतोय, आई. तुझा सारखा बिझी. कुणाला लावत होतीस एवढं?"

आईनं हातातल्या फोनकडे बघितलं. ती त्यालाच लावत होती.

"आणि हे कपडे?" मी दादाला विचारलं, कारण मिस्त्रीकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

"बाकीचं सगळं जळालं गं, कवळीबाई. लष्कराच्या दवाखान्यानं हेच दिले. मी म्हटलं, यांना घाबरवायला नको, आधी कुणाचे तरी साधे कपडे मागू. तर हा ऐकेल तेव्हा ना. हाक मारायचं ठरलंय म्हणे." मग आवाज उतरवून म्हणाला, "मला यानंच ओढून बाहेर काढलं. स्फोटानं याचे कान गेलेत. डॉक्टर म्हणतात, थोडंफार येईल परत. पण सध्या काही ऐकू येत नाही याला, स्वतःचा आवाजसुद्धा. म्हणून हा असा बोंबलतोय."

मिस्त्री अजून फाटकाबाहेरच होता. आत ये म्हटलं नव्हतं ना कुणी. मी फाटकापर्यंत गेले. त्यानं ओठ वर करून मला दात दाखवला. माझा दात, जसाच्या तसा.

मग तो पुढे झुकला आणि आपण कुजबुजतोय अशा समजुतीनं म्हणाला, "आल्यावर सांगणार होतो ते... लग्न करशील माझ्याशी?"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. शेजारच्या आजोबांनी रेडिओ बंद केला. दादानं कपाळाला हात लावला.

"हो," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मी जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघत आलेय. माझ्या तोंडाकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, जी आम्ही दोघी महिनोन्‌महिने खिडकीत घेऊन उभ्या होतो. आता त्यालाही ती कळली होती.

त्याला ऐकू जाणार नव्हतंच. तरी मी फाटकाचा गज धरला, आणि त्याला शिकवलं होतं तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मोठ्यानं ओरडून सांगितलं.